पप्पा दचकत नाहीत

भुताचा सिनेमा कुणाबरोबर बघू नये हे मला कुणी विचारलं, तर मी क्षणभरही न थांबता सांगेन: पिंपरीच्या कारखान्यात प्रेसमशीनवर हयात काढलेल्या माणसाबरोबर. म्हणजे माझ्या पप्पांबरोबर. पडद्यावर बाई जिना उतरतेय, खाली मिट्ट काळोख, संगीत चढत चाललंय, माझा जीव मुठीत, आणि शेजारून आवाज येतो, "ह्या जिन्याला रेलिंग का न्हाई?"

पप्पांवर मी सलग चार वर्षं, दर ऑक्टोबरात वैतागले. इतकी वैतागले, की ते काय सांगतायत ते माझ्या कानात शिरलंच नाही. आज त्यांच्या उजव्या डोळ्याला अगदी नाकासमोरचं थोडंसं सोडलं तर काही दिसत नाही. डावाही कडेने गेलाय. गेलं ते परत येणार नाही, डाव्यात जे उरलंय ते टिकवायचं, एवढंच आता आमच्या हातात आहे. आणि हे आईच्या, शेजाऱ्यांच्या, सगळ्या दुनियेच्या आधी मला कळायला हवं होतं. कारण चार वर्षं त्यांच्या शेजारी बसून त्यांचं न दचकणं मीच लिहून काढत होते.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे बारके धातूचे पार्ट आमच्याकडे तयार होतात. चरा, तडा, खड्डा असलेला पार्ट बाजूला काढायचं काम तपासणाऱ्यांचं, आणि तपासणारे नीट तपासतात की नाही ते बघायचं काम माझं. पहिली शिफ्ट दुपारी सुटते. मग कंपनीची बस चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये नुसती थरथरत उभी राहते, आणि मी निगडीला घरी पोचते तोवर पाच वाजलेले असतात. घरात आई, पप्पा आणि मी. ऑक्टोबर उजाडला की मी हातपाय धुऊन, चहा घेऊन हॉलचे पडदे ओढते आणि भुताचा सिनेमा लावते. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, आत पडदे बंद, पंखा पाचवर, आणि टीव्हीत बर्फ पडतंय. असे आठवड्याला चार, थेट एकतीस तारखेच्या हॅलोविनपर्यंत, म्हणजे परदेशातल्या भुतांच्या सणापर्यंत. प्रत्येक सिनेमावर मी मोबाइलवरच्या माझ्या पेजवर मराठीत परीक्षण लिहिते.

परीक्षण कसलं, तक्रारवहीच ती. ह्या सिनेमावाल्यांना काही म्हणून धरबंद नाही. घर घेतात ते गावाबाहेर, स्वस्तात मिळालं म्हणून. स्वस्तात का मिळालं हे विचारायची अक्कल एकाला नसते. इथे मोशीत वन बीएचके घेताना माणूस पाणी किती वाजता येतं इथपासून चौकशी करतो. तळघरातून आवाज आला की घरातली सगळ्यात धाकटी पोरगी अनवाणी खाली जाणार, आणि दिवा लावणार नाही. आपल्या हिंदीतल्या भुतांची तऱ्हा निराळी. त्यांना पैंजण लागतात, पांढरी साडी लागते, आणि केस गुडघ्यापर्यंत, जिवंतपणी ते कसे सांभाळले कोण जाणे. एका सिनेमात भूत बाहुलीत शिरलेलं. सगळ्या घराला ते माहीत. तरी दोन तास ती बाहुली कपाटावर बसलेली. अरे, सकाळी घंटागाडीत टाका की ती. मी ह्याच शब्दांत लिहिलं होतं.

पप्पा रिटायर झाले आणि हे सगळं बघायला माझ्या शेजारी येऊन बसायला लागले. मूळचे ते लातूरकडचे. पिंपरीत येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच. आमच्या बौद्ध घरात भूतखेत, अंगारे-धुपारे यांना उंबऱ्याच्या आत थारा नाही. तरुणपणी गावाकडे कुणाच्या अंगात आलं की पप्पा पुढे व्हायचे आणि त्याला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायचे, असं आई सांगते. असल्या माणसाला भूत दाखवून काय उपयोग? ते बसायचे ते चुका काढायला. वायरिंग उघडं आहे. एवढ्या मोठ्या घराला एकच बल्ब. करवतीला गार्ड नाही. प्रेसवर त्यांच्या डाव्या करंगळीचं पेर गेलेलं, त्यामुळे गार्ड नसलेली मशीन पडद्यावर दिसली की खुनी राहिला बाजूला, पप्पा त्या मशीनच्या मालकाला शिव्या घालणार.

आणि दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "काय दिसंना गं." अंधाराचा प्रसंग आला की हे आलंच. मी टीव्हीचा उजेड वाढवला. आणखी वाढवला. शेवटी काळोख राखाडी दिसायला लागला, भुताच्या तोंडावरची पावडर दिसायला लागली, तरी ह्यांचं "काय दिसंना" चालूच. दुसरं वाक्य तर डोक्यातच जायचं. दाराच्या फटीतून, आरशाच्या कोपऱ्यातून काहीतरी सर्रकन यायचं, मी किंचाळायचे, आणि पप्पा शांतपणे माझ्याकडे वळून विचारायचे, "आलं का?"

झालं. एवढी जमवून आणलेली भीती तिथेच मातीत. मी म्हणायचे, पप्पा, गप्प बसा हो जरा. ते गप्प बसायचे, पुढचं भूत येईपर्यंत.

ह्या वैतागातूनच मला ती कल्पना सुचली. तेव्हा ती फार हुशारीची वाटली होती. परीक्षणाच्या शेवटी मी शिक्का मारायला लागले. सिनेमाने पप्पांना दचकवलं तर पास, नाही तर नापास. कंपनीत खराब पार्टला लाल टॅग लावतो, तसा. चार वर्षांत एकही सिनेमा पास झाला नाही. लोकांना हे भलतंच आवडलं. परीक्षणाखाली लिहायचे, काकांना जपानी भूत दाखवा, काकांना स्मशानात नेऊन बसवा, काका म्हणजे वाघ. सकाळी बसमध्ये चढता चढता माणसं विचारायची, काय मॅडम, काल तरी पप्पा दचकले का? मी हे सगळं घरी वाचून दाखवायचे आणि पप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही फुगायचे. त्यांचं ते "आलं का?" मी परीक्षणात विनोद म्हणून छापायचे. एकदा नाही, दर वेळी.

आईला आम्हा दोघांचाही वीट आला होता. भुतं बघायला तिला वेळ नव्हता, पण तिची एक तक्रार कायम चालू असायची, की हा माणूस हल्ली धांदरट झालाय. जेवताना पाण्याचा ग्लास लवंडतो. जिन्याची शेवटची पायरी चुकतो. बाजारात भाजीवालीच्या पाटीत पाय देतो आणि वर तिलाच म्हणतो, मध्ये कशाला ठेवली. चहाचा कप घेऊन ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली तर पप्पा बघतसुद्धा नाहीत, तिला ताटकळत ठेवतात. रिटायर झाल्यापासून साहेब झालेत, म्हणायची, आणि तुझ्या त्या लोकांनी वाघ वाघ करून डोक्यावर चढवून ठेवलंय. मी म्हणाले, आई, चष्म्याचा नंबर वाढला असेल, दिवाळीनंतर दाखवू. ती दिवाळी गेली. पुढचीही गेली.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीलाच हॅलोविनची हुक्की आली. कमिटीने दिवाळीसाठी आणलेल्या आकाशकंदिलांनाच काळा कागद चिकटवून वटवाघळं केली. एक चांगला मोठा लाल भोपळा आणून त्याला डोळे कोरले, त्यावर आई जी भडकली ती दोन दिवस. ह्या भोपळ्याचे सगळ्या बिल्डिंगला पुरतील एवढे घारगे झाले असते, असं ती लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवत होती. संध्याकाळी सहा वाजता खाली पार्किंगमध्ये पोरं जमली, कुणी प्लॅस्टिकचे सुळे लावून, कुणी आईची ओढणी गुंडाळून. आणि प्रमुख पाहुणे कोण, तर आमचे पप्पा. न घाबरणारे आजोबा. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि पोरांमध्ये पैज लागली, आजोबांना जो दचकवेल त्याला चॉकलेटचा डबा.

समोरून जी पोरं आली त्यांना पप्पांनी लांबूनच ओळखलं आणि कुणाचा सुळा पडतोय, कुणाची नाडी लोंबतेय ते सांगितलं. मी मोबाइलवर शूटिंग करत होते. पेजवर टाकायला झकास होतं. मग दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी पांढरी चादर पांघरून त्यांच्या उजव्या बाजूने आली. आवाज न करता. पप्पांच्या कानापासून हातभर अंतरावर उभी राहिली, वाकडी तोंडं केली, दोन्ही हात नाचवले. पप्पा आपले समोर बघत हसतायत. सगळं पार्किंग हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. आजोबा ढिम्म हलत नाहीत, ह्याचं कौतुक.

मी मात्र मोबाइलच्या पडद्यात त्यांचा चेहरा बघत होते.

आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. तपासणारा माणूस खरंच तपासतोय की नाही हे बघायला आम्ही त्याच्या ट्रेमध्ये मुद्दाम एक खराब पार्ट सरकवतो. त्याला सांगत नाही. बाजूला उभं राहून चेहरा बघतो. ज्याला पार्ट दिसला आणि ज्याने तो कंटाळ्याने सोडून दिला, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, भुवई म्हणा, ओठ म्हणा. ज्याला दिसलाच नाही त्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. असा माणूस सापडला की त्याला आम्ही रागावत नाही. टेबलावरून उठवतो आणि आधी डोळे तपासायला पाठवतो. हा नियम मी स्वतः दर नव्या पोरीला शिकवते. पप्पांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं.

मी शूटिंग बंद केलं. त्या मुलीला बाजूला घेतलं आणि तिच्या जागी स्वतः उभी राहिले. हात वर केला, बोटं हलवली. पप्पा समोर बघत होते. हात थोडा पुढे आणला. काही नाही. आणखी पुढे. माझा तळवा जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आला तेव्हा ते चमकून म्हणाले, "अगं, तू कवा आलीस?"

मी म्हणाले, आत्ताच. पोरांना वाटलं मी पैज जिंकले. त्यांनी चॉकलेटचा डबा माझ्या हातात दिला, आणि तो घेऊन मी तिथे मूर्खासारखी उभी राहिले.

दोन दिवसांनी सुट्टी टाकून मी त्यांना चिंचवडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. समोरचे तक्ते त्यांनी बऱ्यापैकी वाचले, आणि माझ्याकडे असं बघितलं की बघ, उगाच सुट्टी घालवलीस. मग आतल्या खोलीत नेलं. दिवे मालवले. तिथे पांढऱ्या घमेल्यासारखं एक यंत्र होतं, त्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला मागे स्टुलावर बसू दिलं. सुरुवातीला बटणाचा आवाज आला, टक, टक. मग थांबला. यंत्र आपलं घूं घूं करत चाललंय आणि बटणाचा आवाज नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, दाबा पप्पा, दाबा ना. बराच वेळ गेला. मग त्या घमेल्यातून घुमत पप्पांचा आवाज आला.

"आलं का?"

यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, आजोबा, बोलू नका, गप्प बसा. हेच तर मी चार वर्षं म्हणत आले होते. मी ओठ घट्ट आवळून बसले, कारण त्या अंधाऱ्या खोलीत रडायला लागले असते तर त्यांचं लक्ष उडालं असतं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेने गुपचूप खात येतो, आणि माणसाला पत्ता लागत नाही. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. अंधारात दिसत नाही, बाजूचं कळत नाही, अशी तक्रार ह्यांनी कधी केली होती का? आता काय सांगणार, कपाळ? तक्रार तर माझ्याकडे तारखेनिशी लिहून ठेवलेली होती. चारही वर्षांच्या ऑक्टोबरांतली. प्रत्येक तक्रारीखाली लोकांनी हसरी तोंडं टाकलेली होती आणि सगळ्यात वर मी नापासचा शिक्का मारलेला होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कंपनीत एका गिऱ्हाइकाची एक तक्रार आली तर मी पाच-पाच वेळा "का?" म्हणून विचारते. का आलं, का सुटलं, का दिसलं नाही. एकच मोजमाप सारखं चुकीचं यायला लागलं तर पार्टला दोष देण्याआधी मोजायचं साधन तपासून घेते. घरी मी टीव्ही तपासला. वायर तपासली. दिग्दर्शकाची अक्कल काढली. जपानी भुतापासून गावठी हडळीपर्यंत सगळ्यांना नापास केलं. आणि पप्पांना एकदाही विचारलं नाही, की पप्पा, का दिसत नाही? मला माझा इतका संताप आला, की परत येताना रिक्षात मी पप्पांवरच ओरडले. तुम्हाला कळत नव्हतं का, सांगायला काय झालं होतं. आकुर्डी आलं तेव्हा पप्पा म्हणाले, "सांगत तर होतो की. मला वाटलं, तुझे पिक्चरच तसले काळे हायत."

आता दिवसातून दोनदा थेंब. पप्पा ते टाळायला बघतात. झणझणतं म्हणतात, आत्ताच टाकले म्हणतात, आणि आई साक्ष देते की नाही टाकले. मी फ्रिजवर कंपनीसारखा तक्ता लावलाय आणि टाकल्याशिवाय कुणी खूण करायची नाही असा दम दोघांनाही भरलाय. दर तीन महिन्यांनी त्या घमेल्यात तोंड घालायचं. मागच्या दोन वेळा डावा होता तेवढाच राहिलाय. प्रत्येक वेळी निकाल हातात येईपर्यंत माझ्या हाताला घाम सुटतो, एवढा घाम मला कुठल्या सिनेमाने आणलेला नाही.

जुनी परीक्षणं मी पुसून टाकणार होते. पप्पांनी पुसू दिली नाहीत. लोकं हसली त्यात त्यांचं काय चुकलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. ह्या ऑक्टोबरमध्ये काही लावायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी कामावरून आले तर पप्पांनी स्वतः हॉलचे पडदे ओढून ठेवलेले, आणि खुर्ची टीव्हीपासून थोडी मागे घेतलेली. डॉक्टरांनी सांगितलंय, मान वळवून बघायची सवय करा. ती सवय करायला भुताचा सिनेमा चांगला, असा त्यांनी स्वतःच शोध लावला होता.

मी एक घर-गावाबाहेरचं, जिना-रेलिंगविना असलं काहीतरी लावलं. आधी एकदा एकटीने बघून ठेवलेलं. पहिलं भूत यायची वेळ झाली तशी मी हळूच म्हणाले, पप्पा, आता डावीकडून, खिडकीत. पप्पांनी मान वळवली. भूत आलं, त्यांनी ते बघितलं आणि वैतागून माझ्याकडे वळले. "आधीच सांगितल्यावर बघायचं काय? गप बस की जरा."

मी गप्प बसले. मला बरंही वाटलं आणि रागही आला. पंधरा मिनिटं रेलिंग, वायरिंग, एकच बल्ब, सगळं झालं. मग उजवीकडे, कपाटाआड ते भूत पुन्हा आलं. माहीत असूनही मी किंचाळले.

"आलं का?" पप्पांनी विचारलं.

मी रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. म्हणाले, "आलं, पप्पा. उजवीकडे आहे. शोधा."

पप्पांनी मान वळवायला सुरुवात केली. सावकाश, दवाखान्यात शिकवली तशी. पलंग, पलंगाची उशी, भिंत, भिंतीवरचं घड्याळ. मी पडद्याकडे बघतच नव्हते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाटाचं दार. कपाटाची कड. तिथे त्यांची नजर थांबली, भुवई हलली, आणि पुढच्या क्षणी ते खुर्चीतून असे उडाले की हातातला चहा शर्टावर सांडला.

मला इतका आनंद झाला की मी हसता हसता रडायला लागले. त्यांना दिसलं होतं. सगळ्यांच्या नंतर दिसलं, मान फिरवून दिसलं, पण दिसलं. आई हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली. एक रडतेय, एक शर्ट झटकतोय, हे बघून तिने विचारलं, आता काय झालं.

पप्पा पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "आलं."